११२ नांद्या आणि बाहेरचा एक कवी: ड्रुरी लेनच्या लेखनस्पर्धेचं प्रकरण

१८१२ च्या ऑगस्ट महिन्यात लंडनच्या वर्तमानपत्रांत ड्रुरी लेन थिएटरच्या समितीची एक जाहिरात आली. जळून गेलेलं थिएटर पुन्हा बांधून होत आलं आहे, १० ऑक्टोबरला पडदा उघडणार आहे, त्या रात्री रंगमंचावरून म्हणायला एक पद्यरचना हवी आहे, आणि ती कोणीही लिहून पाठवावी. स्पर्धा खुली आणि निःपक्ष असावी अशी समितीची इच्छा आहे, असं त्यात आवर्जून म्हटलं होतं. बक्षीस २० गिनींचं होतं.

११२ रचना आल्या. त्यांतली एकही त्या रात्री म्हटली गेली नाही. समितीनं सगळ्या बाजूला ठेवल्या आणि स्पर्धेत नसलेल्या एका नामवंत कवीला लिहायला सांगितलं. पुढे जे झालं त्याला दोनशे वर्षं उलटून गेली, तरी लेखनस्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येकानं ते एकदा नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे एकांकिकांच्या आणि संहितालेखनाच्या स्पर्धा गावोगाव होतात, आणि जुनी नाट्यगृहंही गावोगाव अडचणीत आहेत. या दोन गोष्टी एकत्र आणाव्यात हे आज ना उद्या कुणाच्या तरी मनात येणारच. ड्रुरी लेनच्या समितीनं स्पर्धेचं तंत्र उत्तम बांधलं होतं. तिनं मोडला तो स्पर्धकांना दिलेला शब्द, आणि त्याची भरपाई कुठल्याच तंत्रानं होत नाही.

आग

ड्रुरी लेन हे लंडनमधलं १६६३ पासूनचं ठिकाण. पहिलं थिएटर १६७२ मध्ये जळालं. दुसरं १६७४ मध्ये उभं राहिलं आणि ते शंभराहून अधिक वर्षं टिकलं. डेव्हिड गॅरिकनं तीस वर्षांच्या आसपास तिथला कारभार पाहिला. त्याच्यानंतर १७७६ मध्ये सूत्रं रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडनकडे आली. शेरिडन मोठा नाटककार, पुढे खासदार आणि गाजलेला वक्ता. जुनी इमारत पाडून त्यानं १७९४ मध्ये तिसरं थिएटर उघडलं. त्यात साडेतीन हजारांहून जास्त प्रेक्षक बसत. आगीचा बंदोबस्त म्हणून लोखंडी पडदा होता आणि छतावर पाण्याच्या टाक्या होत्या. त्या वेळी नाटकाच्या शेवटी एका नटीनं पद्यात प्रेक्षकांना सांगितलं होतं की आगीला आम्ही भीत नाही, विझवायला लागेल ते सगळं आमच्याकडे आहे. लोखंडी पडदा खाली उतरवून आणि मंचावर खरं पाणी आणून ते दाखवलंही होतं.

२४ फेब्रुवारी १८०९ च्या रात्री तेच थिएटर जळालं. लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळातला शुक्रवार होता, त्यामुळे प्रयोग नव्हता आणि आत प्रेक्षक नव्हते. शेरिडन तेव्हा संसदेत होता. स्पेनमधल्या युद्धावर चर्चा चालू होती आणि ज्वाळांचा उजेड सभागृहाच्या खिडक्यांवर पडत होता. कामकाज तहकूब करावं अशी सूचना आली, ती शेरिडननंच मानली नाही. माझ्या खासगी संकटासाठी देशाचं काम थांबू नये, असं तो म्हणाला. नंतर तो जवळच्या कॉफीहाउसमध्ये बसून दारूचा पेला घेत आग पाहत होता. एवढा शांत कसा, असं कुणीतरी विचारल्यावर, स्वतःच्या शेकोटीपाशी माणसानं एक पेला घेऊ नये का, असं उत्तर त्यानं दिल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्या माणसाचं सगळं त्या रात्री गेलं. थिएटरवरचं देणं चार लाख पौंडांच्या पुढे होतं.

आगीच्या पाच महिने आधी, सप्टेंबर १८०८ मध्ये, लंडनचं दुसरं मोठं थिएटर कॉव्हेंट गार्डन हेही जळालं होतं. संवादांचं, गंभीर नाटक करण्याचा परवाना तेव्हा राजसनदेनं मुख्यतः या दोनच थिएटरांकडे होता. म्हणजे वर्षभरात शहराची दोन्ही मुख्य नाटकघरं राख झाली. कॉव्हेंट गार्डन वर्षाच्या आत पुन्हा उघडलं, पण चालकांनी तिकिटांचे दर वाढवले आणि प्रेक्षकांनी सत्तरच्या आसपास रात्री थिएटरमध्येच दंगा केला. घंटा वाजवल्या, फलक धरले, नटांचा शब्द ऐकू येऊ दिला नाही. शेवटी चालकांना नमतं घ्यावं लागलं. ड्रुरी लेनच्या समितीनं हे सगळं जवळून पाहिलं होतं. लंडनचा प्रेक्षक थिएटरला आपलं समजतो, त्याला विचारल्याशिवाय काही केलेलं तो खपवून घेत नाही, हा धडा तिथे मिळाला असणार. लेखनस्पर्धेची कल्पना यातूनच पुढे आली असावी, असा माझा अंदाज आहे.

पैसा

थिएटर वाचवण्याचा आर्थिक भाग स्पर्धेनं उचललेला नव्हता, हे आधीच सांगायला हवं. ते काम सॅम्युएल व्हिटब्रेडनं केलं. मद्याच्या मोठ्या कारखान्याचा मालक, व्हिग पक्षाचा खासदार, शिस्तीचा आणि हट्टी माणूस. जुनी देणी तडजोडीनं मिटवणं, संसदेकडून कायदा करून घेऊन भागधारकांची कंपनी स्थापणं, वर्गणीदार मिळवणं हे सगळं त्याच्या अध्यक्षतेखाली झालं. त्याची एक अट होती: शेरिडननं कारभारातून पूर्ण बाहेर व्हायचं. शेरिडनला ती गिळावी लागली. दरम्यान ड्रुरी लेनची नटमंडळी लायसियम या लंडनमधल्याच दुसऱ्या थिएटरमध्ये प्रयोग करून दिवस काढत होती, आणि लंडनला तिसरं थिएटर हवं म्हणून दुसरीकडे खटपट चालू होती. उशीर झाला असता तर थिएटरबरोबर त्याची सनदही धोक्यात आली असती.

वास्तुविशारद म्हणून बेंजामिन डीन वायटची निवड झाली. २९ ऑक्टोबर १८११ ला पायाचा दगड बसला आणि वर्ष पुरं व्हायच्या आत तीन हजार प्रेक्षकांचं थिएटर उभं राहिलं. सजावटीसकट खर्च दीड लाख पौंडांच्या घरात गेला. २० गिनी म्हणजे २१ पौंड. एवढ्या खर्चापुढे स्पर्धेचं बक्षीस किती लहान होतं ते यावरून दिसतं. स्पर्धेला प्रवेशशुल्कही नव्हतं. तिच्याकडून पैसा अपेक्षितच नव्हता. नव्या थिएटरची पहिली रात्र सगळ्या शहराची आहे, हे तिनं लोकांना जाणवून द्यायचं होतं, आणि हा हेतू चांगलाच होता.

जाहिरात

आता स्पर्धेच्या नियमांकडे येते, कारण प्रकरणाचा सगळ्यात शिकण्यासारखा भाग तोच आहे.

रचना १० सप्टेंबरपर्यंत ड्रुरी लेनच्या कचेरीत सचिवांच्या नावे पोचवायची होती. कागद बंद करून द्यायचा, त्यावर नाव घालायचं नाही. नावाऐवजी एखादा शब्द, आकडा किंवा वाक्य खूण म्हणून लिहायचं. सोबत दुसरा बंद कागद द्यायचा, त्याच्यावर तीच खूण आणि आत लेखकाचं खरं नाव. हा दुसरा कागद फक्त निवडलेल्या लेखकाचाच फोडला जाईल, बाकीच्यांचे कागद उघडले जाणार नाहीत, असं जाहिरातीत स्पष्ट म्हटलं होतं.

आज आपल्याकडच्या कितीतरी स्पर्धांत एवढी काळजी घेतली जात नाही. संहितेच्या पहिल्याच पानावर लेखकाचं नाव, पत्ता, फोन नंबर आणि आधी मिळालेल्या बक्षिसांची यादी असते, आणि परीक्षक ती पाहूनच पान उलटतात. ड्रुरी लेनच्या पद्धतीत दोन गोष्टी एकदम साधत होत्या. परीक्षकाला नाव कळत नव्हतं, आणि हरलेल्या लेखकाचं हरणं कुणालाच कळणार नव्हतं. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. प्रतिष्ठित माणूसही निर्धास्तपणे भाग घेऊ शकतो आणि कधी एक ओळ न लिहिलेला कारकूनही.

त्रुटी वेळेची होती. १० सप्टेंबरला मुदत संपणार आणि १० ऑक्टोबरला पडदा उघडणार. मधल्या एका महिन्यात सगळं वाचायचं, निवडायचं, लेखकाकडून दुरुस्त्या करून घ्यायच्या आणि नटानं पाठ करायचं. यात काही चुकलं तर सावरायला जागाच नव्हती. दुसरी त्रुटी अशी की समितीला नेमकं काय हवंय ते जाहिरातीत नव्हतं. उद्घाटनाच्या वेळी म्हणायची रचना, एवढंच. जुन्या मराठी संगीत नाटकाच्या नांदीत देवाला नमन येतं, सूत्रधार येतो, नटी येते, आणि लिहिणाऱ्याला तो साचा तरी हाताशी असतो. इथे मोकळं मैदान होतं.

६९ फिनिक्स

मोकळ्या मैदानात सगळे एकाच दिशेला धावले. थिएटर जळालं, राखेतून पुन्हा उभं राहिलं. तेव्हाच्या शिकलेल्या इंग्रज माणसाला अशा प्रसंगी पहिल्यांदा आठवणार तो राखेतून जन्मणारा फिनिक्स पक्षी. ११२ पैकी ६९ रचनांत फिनिक्स आला होता, अशी नोंद आहे. खुद्द व्हिटब्रेडनंही एक रचना लिहिली होती आणि तिच्यातही फिनिक्स होता. शेरिडन त्याबद्दल म्हणाला म्हणे, की व्हिटब्रेडनं पक्ष्याचे पंख, चोच, शेपटी सगळं बारकाईनं सांगितलंय, कोंबड्या-बदकं विकणाऱ्यानं करावं तसं वर्णन आहे. ज्या माणसानं शेरिडनला त्याच्याच थिएटरबाहेर काढलं, त्याच्याविषयीचं हे बोलणं आहे. त्यातला डंख तसाच समजून घ्यावा.

या ६९ लोकांची टवाळी आजवर पुष्कळ झाली. मला ते कमअस्सल वाटत नाहीत. आपल्याकडे एखाद्या संहितास्पर्धेला 'जुनं नाट्यगृह' असा विषय द्या. निम्म्याअधिक लेखनात म्हातारा बॅकस्टेज कामगार येईल, रिकाम्या खुर्च्या येतील, आणि शेवटी तिसरी घंटा वाजेल. लिहिणारे सगळे सारखेच कल्पनाशून्य असतात म्हणून हे होत नाही. प्रश्नच असा विचारलेला असतो की त्याला एकच उत्तर सुचतं. 'थिएटरवर लिहा' असं सांगितलं की लोक थिएटरच्या प्रतीकावर लिहितात. 'या थिएटरमध्ये घडलेली एखादी गोष्ट लिहा', 'तुम्ही पहिल्यांदा इथे कुणाबरोबर आलात ते लिहा', 'जळालेल्या इमारतीतल्या एका वस्तूबद्दल लिहा' असं विचारलं, तर त्याच ११२ लोकांनी ११२ वेगळी उत्तरं दिली असती. समितीला जे कंटाळवाणं वाटलं त्याचं मूळ तिच्याच जाहिरातीत होतं.

बाहेरचा कवी

समितीनं सगळ्या रचना नामंजूर केल्या. वेळ हातातून निसटत होती. समितीतले लॉर्ड हॉलंड यांनी बायरनला गळ घातली. बायरन तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या दीर्घकाव्यानं रातोरात प्रसिद्ध झाला होता.

हॉलंड यांच्या सुचवण्यावरून बायरननं आधीही काही ओळी खरडल्या होत्या. पण सप्टेंबरमधल्या एका पत्रात त्यानं त्यांना कळवलं की त्या आपण जाळून टाकल्या, आणि टोपणनावांच्या त्या गर्दीशी झुंजायची आपली इच्छा नाही. स्पर्धकांच्या खुणांची त्यानं तिथे थट्टाही केली आहे. त्यातलं एक नाव होतं 'ॲस्बेस्टॉस', म्हणजे न जळणारा. स्पर्धेत उतरायला नाखूश असलेल्या त्याच कवीला स्पर्धा संपल्यावर एकट्यालाच मैदान दिलं गेलं. मला इथे बायरनचा फारसा दोष दिसत नाही. त्यानं चेल्टनहॅमहून पत्रांमागून पत्रं पाठवून एकेका ओळीवर मेहनत घेतली. समितीनं सांगितलेले बदल त्यानं बऱ्याच ठिकाणी मान्य केले, आणि काही ओळी समितीनंच गाळल्या. कॉव्हेंट गार्डननं आदल्या वर्षी मंचावर घोडे आणून गर्दी खेचली होती. त्यावर बायरननं लिहिलं होतं की नाटक आता चार पायांवर रांगू लागलं आहे. हा टोला समितीला नको होता. मला मात्र त्या सगळ्या रचनेतली तीच ओळ जिवंत वाटते.

१० ऑक्टोबर १८१२ ला थिएटर 'हॅम्लेट'नं उघडलं. हॅम्लेट करणाऱ्या रॉबर्ट एलिस्टननंच बायरनची रचना म्हटली. स्वागत कोमट झालं. लोकांना खरा राग होता तो वेगळ्याच गोष्टीचा. खुली स्पर्धा म्हणून सांगितलीत, लोकांना लिहायला बसवलंत, आणि शेवटी घरातल्याच माणसाला बोलावलंत. वर्तमानपत्रांनी समितीवर टीकेची झोड उठवली.

सगळ्यात त्रासदायक प्रसंग त्याच आठवड्यात झाला. नामंजूर झालेल्यांत डॉ. टॉमस बझ्बी होता. संगीतकार, संगीतावर लिहिणारा, वयानं पन्नाशी ओलांडलेला. त्यानं प्रयोगानंतर प्रेक्षागारातून उभं राहून लोकांना आपली कैफियत ऐकवली आणि आपली रचना ऐकून घ्या अशी विनंती केली. मग त्याच्या मुलानं ती मंचावरून वाचायचा प्रयत्न केला. त्याचा आवाज इतका लहान होता की पुढच्या रांगांपलीकडे काही पोचलं नाही, आणि लोकांनी गोंधळ घालून त्याला खाली बसवलं. बायरननं नंतर बझ्बीच्या रचनेचं विडंबन छापलं. विजेत्यानं हरलेल्याच्या पाठीत असं मारणं मला पटत नाही. बझ्बीची कविता बेताची होती हे कबूल. पण त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्याला नियम सांगितले गेले होते, त्यानं ते पाळले होते.

स्मिथ बंधू

या सगळ्यातून खरा फायदा दोन भावांचा झाला. जेम्स स्मिथ वकील, हॉरेस स्मिथ शेअरदलाल. थिएटरचे सचिव वॉर्ड यांच्याकडून हॉरेसला आतली बातमी कळली आणि दोघांना युक्ती सुचली. वर्ड्सवर्थ, स्कॉट, सदी, कोलरिज, क्रॅब, बायरन अशा नामवंतांनी या स्पर्धेला रचना पाठवल्या असत्या तर त्या कशा असत्या? त्यांनी काही आठवड्यांत एकेका कवीच्या शैलीत त्या लिहून काढल्या आणि उद्घाटनाच्या सुमारासच 'रिजेक्टेड ॲड्रेसेस' हे पुस्तक बाजारात आणलं. प्रकाशक जॉन मरेला हक्क २० पौंडांत देऊ केले होते, त्यानं नाकारले. पुस्तक आवृत्तीमागून आवृत्ती खपलं. काही वर्षांनी त्याच मरेनं त्याचे हक्क १३१ पौंडांना घेतले.

स्कॉटच्या शैलीतली रचना वाचून खुद्द स्कॉट म्हणाला, ही मीच लिहिलेली असणार, कुठल्या प्रसंगी ते आठवत नाही. आणि एका खेडेगावच्या पाद्र्यानं सगळं खरं समजून, या रचना नाकारायचं कारण काय, काही तर चांगल्याच आहेत, असं मत दिलं.

त्या पुस्तकात एक रचना विडंबन नव्हती. हॉरेसनं स्वतः स्पर्धेला खरोखर पाठवलेली आणि नामंजूर झालेली ती रचना होती. तिच्या शीर्षकातच त्यानं सांगून टाकलं होतं की हिच्यात फिनिक्स नाही. म्हणजे ११२ च्या ढिगात निदान एक लेखक असा होता ज्याला विषयाचा सापळा कळला होता आणि ज्याची लेखणी पुढच्या काही आठवड्यांत सबंध लंडनला वाचायला लावणार होती. परीक्षकांना तो दिसला नाही. पुढे खऱ्या नामंजूर रचनांचाही एक संग्रह त्याच वर्षी निघाला. वाचकांना त्यांतही रस होता, फक्त समितीला नव्हता.

शब्द कुठे मोडला

एकही रचना योग्य न वाटणं हा परीक्षकांचा हक्क आहे. २०२२ मध्ये पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत परीक्षकांनी करंडक कुठल्याच संघाला दिला नाही, तेव्हा केवढा वाद झाला होता ते अनेकांना आठवत असेल. त्या निर्णयाबद्दल मतं वेगळी असू शकतात. पण करंडक राखून ठेवला, तो स्पर्धेत नसलेल्या कुणाला नेऊन दिला नाही. ड्रुरी लेनच्या समितीनं नेमकं तेच केलं. जी जागा स्पर्धेतून भरू असं सांगितलं होतं, ती स्पर्धेबाहेरच्या माणसाला दिली. 'पात्र रचना न आल्यास समिती अन्य व्यवस्था करील' एवढी एक ओळ ऑगस्टच्या जाहिरातीत असती, तर बझ्बीला मंचाकडे धावायला कारण उरलं नसतं.

थिएटर वाचवण्यासाठीच्या स्पर्धेत हे जास्तच लागतं, कारण अशा वेळी लिहिणारा निव्वळ बक्षिसासाठी लिहीत नसतो. जळालेल्या किंवा बंद पडलेल्या थिएटरबद्दलची माया तो कागदावर उतरवून पाठवतो. ती नापास झाली की त्याचं थिएटरशी असलेलं नातंच नाकारल्यासारखं त्याला वाटतं. ज्या लोकांना जवळ आणायचं म्हणून स्पर्धा भरवली, त्यांतले १११ लोक ती दुखावून परत पाठवू शकते. ड्रुरी लेननं ११२ दुखावले.

मग थिएटर सावरलं कशानं? पहिली दोन वर्षं धंदा बसत चालला होता. २६ जानेवारी १८१४ ला एडमंड कीन नावाचा, गावोगाव फिरून पोट भरणारा बुटकासा नट शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला शायलॉक करायला उभा राहिला. अर्धं थिएटर रिकामं होतं. त्या रात्रीनंतर मात्र लोक रांगा लावून येऊ लागले. व्हिटब्रेड ते यश फार काळ पाहू शकला नाही. जुलै १८१५ मध्ये त्यानं आत्महत्या केली. थिएटरच्या हिशेबांची काळजी त्याला अखेरपर्यंत पोखरत होती, असं त्याचे चरित्रकार सांगतात. त्याच वर्षी बायरन व्यवस्थापनाच्या उपसमितीवर आला. त्यानं पुढे लिहून ठेवलं आहे की थिएटरच्या फळ्यांवर पाचशेच्या आसपास नाटकं पडून होती आणि त्यांतून एकही चालण्यासारखं सापडलं नाही. शेवटी स्कॉटच्या शिफारशीनं आयर्लंडच्या चार्ल्स मॅच्युरिनचं एक नाटक आलं, १८१६ मध्ये कीननं ते केलं आणि ते चाललं. न वाचलेल्या, धूळ खात पडलेल्या संहितांचं दुखणं तेव्हाही होतं.

वायटनं बांधलेला गोल दिवाणखाना आणि भव्य जिने आजही तिथे आहेत. आतलं प्रेक्षागार १९२२ मध्ये नव्यानं बांधलं गेलं, आणि २०२१ मध्ये मोठ्या जीर्णोद्धारानंतर थिएटर पुन्हा सुरू झालं.

आपल्याकडे

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तिथे किंवा इतर कुठेही, पुन्हा उघडणाऱ्या नाट्यगृहासाठी कुणी लेखनस्पर्धा भरवणार असेल, तर ड्रुरी लेनची दोन बंद कागदांची पद्धत जशीच्या तशी घ्यावी, असं मी सुचवीन. आज ती सोपीही आहे. संहिता एका फाइलमध्ये, नाव दुसऱ्या फाइलमध्ये, दोन्हींवर तीच खूण, आणि नावांची फाइल परीक्षकांपर्यंत जाऊच द्यायची नाही. समितीतल्या कुणी स्पर्धेत भाग घेऊ नये. विषय नाट्यगृहाच्या नावापाशी सोडून न देता नेमका करावा: विंगेतली एखादी जागा, एखाद्या दौऱ्याची रात्र, डोअरकीपरनं सांगितलेली हकिकत, पडदा ओढणाऱ्याचे हात. बक्षीस कुणालाच द्यायचं नसेल तर काय होईल ते पहिल्याच पत्रकात लिहावं. लेखनाचे हक्क लेखकाकडेच राहतील हेही त्यातच यावं.

आणि निवड न झालेल्यांचं काय करायचं तेही आधीच ठरवावं. लेखकांची संमती घेऊन सगळ्यांच्या लेखनाची एक वही नाट्यगृहाच्या ग्रंथालयात ठेवता येते, आणि उद्घाटनाच्या आठवड्यात एखाद्या दुपारी ज्यांना यायचंय त्यांना मंचावरून वाचू देता येतं. वाचण्यासाठी माईक द्यावा, बझ्बीच्या मुलाकडे तो नव्हता. निकालाची तारीख उद्घाटनाच्या निदान चार महिने आधीची ठेवावी. लेखकाला दुरुस्त करायला, नटाला पाठ करायला आणि ती वही तयार करायला तेवढा वेळ लागतोच.